ताणा तुमचा होता

बाबा, त्या होळीच्या दुपारी तुम्ही मला एवढंच म्हणालात की अंघोळ कर आणि जेवायला बस. मी प्यायलेला होतो, तेवढ्यावरून माझं डोकं फिरलं. आईची कात्री उचलली आणि तुमच्या मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा ताणा आडवा कापून टाकला. तुम्ही मला हात लावला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसता, बोटांना राख लावता आणि तुटलेल्या एकेका धाग्याला पीळ देऊन सांधायला लागता. आई म्हणते, फेकून द्या, नवा लावा. तुम्ही पुढचा धागा उचलता. नऊ दिवस झाले तरी ते चालूच होतं. मी दाराआडून बघत होतो, आणि दहाव्या दिवशी मला ते बघवेना म्हणून घर सोडलं.

पुढे खापरखेड्याला कंत्राटी कामावर लागलो. तिथे कामगार वसाहतीत एका घरी रविवारची प्रार्थना चालायची. पहिल्यांदा गेलो तो पिऊनच. कोणी हाकललं नाही, उलट घरातल्या बाईंनी जेवायला वाढलं. म्हणाल्या, देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती मिळते. मी ताटावरच रडलो. हळूहळू दारू सुटली, बाप्तिस्मा घेतला, आरशात बघायची लाज वाटेनाशी झाली. ते काही खोटं नव्हतं, बाबा. आजही मी त्या कृपेवरच उभा आहे.

चूक त्याच्या पुढची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी बाप्तिस्म्यानंतर आठवड्याच्या आत तुमच्यापुढे येऊन उभा राहिलो. तुम्ही मला बसवलंत, आईला चहा ठेवायला सांगितलंत. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, की जुना मी मेला, देवानं मला माफ केलं, आता मागचं काही उरलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग हळूच म्हणालात, "देवानं माफ केलं, बेस झालं. पन ताणा तं माहा होता गा. मले काहून नाही इचारलं?"

तुम्हाला का म्हणून विचारायचं? मला रागच आला. वाटलं, या माणसाला कृपा म्हणजे काय ते कळायचंच नाही. चहा तसाच सोडून निघालो. तुमच्यासाठी रोज प्रार्थना मात्र करत होतो, काय तो माझा मोठेपणा! माफी तेवढी मागितली नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. आता माझाच मुलगा मोठा झाला आहे, तेव्हा कुठे कळतंय की तुम्ही हिशेब मागत नव्हतात. तुम्ही माफी द्यायला बसला होतात आणि मी हात पुढे करायची वाट बघत होतात. त्याची मला फार खंत वाटते.

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. मी कित्येक वर्षं देतो आहे. होळी, कात्री, सगळं सांगतो, आणि शेवटी म्हणतो, माझ्या वडिलांनीही मला माफ केलं. लोक आमेन म्हणतात. हे पत्र बायबलमध्ये ठेवणार होतो. पण बायबल माझी बायको रोज उघडते, आणि तुम्ही मला माफ केलंत असंच मी तिलाही सांगितलं आहे.