सगळे कोअर बराबर

आष्टी, ता. परतूर
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय अर्शिया,

हे पत्र लांब होणार आहे, आणि तुला आधीच ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी मी त्यात पुन्हा समजावून सांगणार आहे. बायोस म्हणजे काय, बूस्ट म्हणजे काय, हे तुला शिकवण्याचा अधिकार मी गमावला आहे. तरी लिहिणार आहे. हे पत्र तुझ्याखेरीज आणखी कुणाच्या हाती पडलं तर त्यालाही प्रत्येक पायरी कळावी, एवढं कारण तूर्त पुरे. ज्या दिवशी मला जे वाटलं ते तसंच लिहिते. पुढे जे कळलं त्याचा रंग मागच्या दिवसांना लावत नाही. तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी तू अर्ज केला होतास आणि प्राचार्य बद्रीनाथ सर तुझी जुनी शिक्षिका म्हणून माझं मत विचारणार होते, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. ते मत हाच या पत्राचा विषय आहे. पण तिथवर जायचा रस्ता यंत्रातूनच जातो.

मार्चमध्ये मी मस्तगडला तुमच्या दुकानात आले तेव्हा तू विचारलंस, ‘मॅडम, गेमिंगचा पीसी कुणासाठी घेऊन राह्यल्या?’ माझ्यासाठी, म्हटल्यावर तू इतकी हसलीस की तुझे अब्बू आतून बाहेर आले. निवृत्तीनंतर मला विमान उडवायचं होतं, निदान पडद्यावर तरी. ‘मंग तर भारीच बसवते,’ तू म्हणालीस, ‘तुम्ही इमान चालवा, मी खाली उभी राहून टाटा करते.’ प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखा, सगळं तू निवडलंस. प्रोसेसरच्या खोक्यावर ५.४ गिगाहर्ट्झ असा आकडा होता आणि मला त्या आकड्याचं लहान मुलीसारखं कौतुक वाटलं.

तो आकडा कशाचा, हे इथे नीट मांडायला हवं. माझ्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर आहेत. कापसाच्या शेतात आठ वेचणाऱ्या बायका समज. आठही जणी कामाला असल्या की सावली, पाणी, जेवण सगळ्यांत वाटलं जातं आणि साऱ्या एका बेताच्या चालीने पुढे सरकतात. पण एकच तास, म्हणजे कापसाची एकच ओळ, वेचायचा राहिला असेल, तर सात जणी बांधावर बसतात आणि सर्वांत चपळ बाई पळत जाऊन तो उरकते. तिच्या त्या पळण्याला बूस्ट म्हणायचं. कुणी, कधी आणि किती पळावं, हे उष्णता नि वीज पाहून ठरतं, आणि त्याची मुभा देणारा मुकादम म्हणजे मदरबोर्ड. विमानाच्या खेळात बहुतेक ओझं एकाच कोअरवर पडतं. म्हणून मला आठ जणींची चाल नको होती, त्या एकीचं पळणं हवं होतं.

मशीन आष्टीला आलं ते गाडीच्या मागच्या सीटवर, रस्त्यातले सगळे खड्डे मोजत. सुरू केलं तर पडद्यावर सूचना: जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या आहेत. मी तुला फोन केला. तू अंबडला लग्नात होतीस, मागे बँड वाजत होता. तू ओरडून सांगितलंस, ‘काही झालं न्हाई मॅडम, बोर्डावरचा सेल हलला असेल. बायोसमध्ये जा, सगळे कोअर बराबर करून घ्या, सेव्ह करा, बस!’ मी बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणारं बोर्डाच्या सेटिंगचं पान, उघडलं. तुझ्या शब्दांना तंतोतंत जुळणारा पर्याय तिथे सापडला. तो निवडला, सेव्ह केलं, आणि शिष्येने गुरूला बराबर शिकवलं म्हणून स्वतःशी हसलेसुद्धा.

त्यानंतर वेग ४.७ वर थांबला. थांबला म्हणजे खिळला. खरा बूस्ट सारखा हलतो. काटा चढतो, उतरतो, जणू श्वास घेतो. माझ्या आलेखावर फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून उडालेलं माझं विमान ढगात शिरलं की अडखळत होतं. मी वही काढली. तीन आठवडे रोज सकाळी खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, वीज लाइनची की इन्व्हर्टरची, कॅबिनेटची बाजू उघडी की बंद, असं सगळं लिहिलं. उष्णता दोषी नव्हती, वीजही नव्हती. मग संशयाला जायला जागा उरली नाही आणि तो यंत्रातून बाहेर पडून माणसांकडे वळला. यंत्र निर्दोष ठरलं की माणूस दोषी, असं मी बत्तीस वर्षांत कुठल्याही वर्गात शिकवलेलं नाही.

एकदा तो वळल्यावर त्याला खाद्य कमी पडलं नाही. मदरबोर्डच्या खोक्याचं सील तू मला देण्याआधीच फोडलेलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. नवा बोर्ड असता तर सील कशाला फुटलं असतं? एका स्क्रूजवळ बारीक ओरखडा दिसला. मी तुला पुन्हा फोन केला आणि मुद्दाम शांत आवाजात विचारलं, वेग का येत नाही? तू म्हणालीस, ‘कोअर बराबर हायेत ना मॅडम?’ मी म्हटलं, हो, सगळे बराबर आहेत. तू क्षणभर गप्प झालीस. ‘मंग तर यायलाच पाहिजे की. एक काम करा ना, मशीन जल्दी दुकानात आणा, मी बघते.’ ते तुझं गप्प होणं मी वहीत वेळेसह लिहून ठेवलं. आणि मशीन दुकानात नेण्याचा अर्थ मी असा लावला: आत घालायचं ते घालशील, काढायचं ते काढशील, पुरावा संपेल.

जूनमध्ये मी न कळवता मस्तगडला आले. तू नव्हतीस. तुझ्या अब्बूंच्या टेबलावर एक मदरबोर्ड उघडा होता, थेट माझ्या मशीनमधल्यासारखा. मला पाहताच त्यांनी त्यावर फडकं टाकलं आणि म्हणाले, ‘आओ मॅडम, बैठो. चाय मंगाता हूँ. अर्शिया तुमची लई तारीफ करती.’ मी बसले, चहा घेतला, आणि ते पाणी आणायला आत गेल्यावर फडक्याचा कोपरा उचलून फोटो काढला. परत येताना बसमध्ये, माझा नवा बोर्ड हाच असणार असं धरून, तो फोटो मोठा करकरून पाहिला. ज्या फकरोद्दीनभाईंनी, तुझ्या अब्बूंनी, माझ्या वडिलांचा रेडिओ दोनदा जिवंत केला होता, त्यांच्या घरचा चहा जिभेवर असताना मी हे करत होते.

त्याच आठवड्यात बद्रीनाथ सरांचा फोन आला.

त्या फोनबद्दल शेवटी लिहिते. आधी जुलैचं सांगते. माझ्या शेजारी द्वारकाबाई राहतात, ब्लाऊज शिवतात. त्या एका दुपारी शिलाई मशीन उचलून दारात आल्या. ‘मॅडम, तुम्ही एवढं विमानाचं मशीन चालवून राह्यल्या, माझं तेवढं बराबर करून द्या की. टाका बराबर न्हाई पडून राह्यला.’ मी सवयीने विचारलं, कशाच्या बरोबरीचा टाका हवा? त्यांनी मशीन खाली ठेवलं. ‘अहो कशाच्या म्हणजे? बराबर म्हंजे बराबर. जसा असतो तसा!’ आणि मग हसत सुटल्या, ‘एवढं शिकल्या तुम्ही, अन् बराबर कळंना!’

अर्शिया, मी त्यांना तसंच सोडून आत गेले. बायोस उघडलं. कोअरच्या वेगासमोर तीन पर्याय होते. पहिला ऑटो, म्हणजे बोर्डाने आपलं आपण पाहावं. तोच नेहमीचा, ‘जसा असतो तसा’. दुसरा, सगळे कोअर एकसमान. तिसरा, प्रत्येक कोअरचा वेग वेगवेगळा. तू लग्नाच्या गोंगाटात म्हणालीस, कोअर ठीकठाक करून घ्या. मी मात्र आठही कोअर समसमान करून टाकले. ‘बरोबर’ या शब्दाचे दोन्ही अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहेत. फळ्यावर दोन आडव्या रेघा काढून मी तो शब्द हजारदा उच्चारला असेल, आणि बहुधा म्हणूनच पडद्यावर समानता दिसताच दुसरा अर्थ मनात आलाच नाही. आठ बायकांच्या कमरेला मीच एक दोर बांधला, आणि एकही पळत नाही म्हणून तीन महिने तुझ्यावर चोरीचा आळ घेतला. ऑटो निवडलं. काटा ५.३८ वर गेला, खाली आला, पुन्हा चढला. मशीन अगदी पहिल्या दिवसापासून ठीक होतं.

मग सीलचा विचार केला. तुझ्या हातची एक चिठ्ठी बोर्डाच्या पुस्तिकेत होती, मी पुस्तिकाच उघडली नव्हती: ‘नवा प्रोसेसर ओळखावा म्हणून बायोस अपडेट केलं. खोका त्याच्यासाठी फोडला. बूस्ट चांगला भेटंल.’ तारीख, सही. जे काम बहुतेक दुकानदार टाळतात ते तू न सांगता केलं होतंस, आणि मी तेच तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. ओरखड्याचं कारण अजूनही माहीत नाही. आता विचारणारही नाही. फडक्याबद्दल विचारायला मात्र मागच्या आठवड्यात दुकानासमोरच्या रस्त्यावर पाच मिनिटं उभी राहिले. एक ट्रक गेला आणि माझ्या चष्म्यावर धूळ बसली. उघड्या बोर्डावर फडकं कशासाठी टाकतात, ते तेव्हा कळलं. आत यायचं धाडस झालं नाही.

आता तो फोन. बद्रीनाथ सरांनी विचारलं, मुलगी कशी आहे? मी म्हटलं, ‘हात हुशार आहे, सर. पण साहित्य ताब्यात देताना मोजून द्या, आणि घेताना मोजून घ्या.’ एवढंच वाक्य. तुझं नाव यादीत आलं नाही. परवा द्वारकाबाईंच्या भाचीकडून कळलं की तू घरी म्हणालीस, ‘नाव वाचूनच काटतात, अब्बू, अर्ज कशाला करायचा?’ आपल्याकडे तसं घडतच नाही, असं मी म्हणणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा माझं आडनाव वाचून प्रयोगशाळेचा कारकून फक्त माझ्या तासानंतर मीटर मोजायचा, आणि का मोजतो ते मला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तरी तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. मशीन बसवणारी दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर ते निघालं असतं का, हे मी स्वतःला रोज विचारते, आणि ‘हो’ असं खात्रीने म्हणता येत नाही. या वेळी तुझं नाव काटलं ते मी, अर्शिया. तू दुसऱ्या कुणावर राग धरू नयेस, आणि अर्ज करणं सोडू नयेस, म्हणून हे लिहिते. सोमवारी मी प्राचार्यांना माझं विधान मागे घेत असल्याचं लेखी दिलं. ते म्हणाले, यादी लागली आहे, मॅडमचा गैरसमज होता एवढ्यावर ती बदलत नाही. मात्र बुधवारी, वीस तारखेला, सकाळी अकरा वाजता संस्थेचे सचिव ऐकतील. मी जाणार आहे. तिथे माझं बोलणं ‘वय झालंय’ म्हणून हसण्यावारी नेलं जाऊ शकतं. म्हणून एकेक पायरी क्रमाने लिहून, खाली सही करून, हा कागद तुला दिला आहे. माझ्याशी बोलू नकोस, माझ्यासोबत येऊ नकोस, मला माफही करू नकोस. पण हा कागद त्यांच्यासमोर ठेव. तो माझ्याविरुद्धचा पुरावा आहे आणि आता तो तुझा आहे.

तुझीच,
रूपाली मॅडम