डागाखालचे चार शब्द

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचल्याबरोबर उत्तर टाक, शुक्रवारी मला अहवाल द्यायचाय. काल तुझ्या तिसरीच्या बावीसही मुलांनी वाचन-तपासणीचं कार्ड घडाघडा वाचलं. निम्म्यांना वाचता आलं तर शाळा राहणार, नाहीतर मुलं पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार. म्हणून मी खूश. परतताना एका सायकलवाल्याची चेन बसवून दिली (तो किस्सा भेटीत), हात पुसायला पिशवी उघडली, तर आत पेन फुटलेलं. शाई पार वाळलेली, म्हणजे तपासणीआधी सकाळीच फुटलं असणार. कार्डाच्या तिसऱ्या ओळीवर एवढा डाग, की चार शब्द दिसतच नाहीत. मला मजकूर पाठ, त्यामुळे तपासणीत लक्षच गेलं नाही.

ताई, मुलांनी ते चारही शब्द वाचले.

मागच्या आठवड्यात पटसंख्या घ्यायला आलो, तेव्हा तुमचं बंद घड्याळ उघडून बसलो होतो. त्याच मजकुराचं माझं दुसरं कार्ड तिथेच टेबलावर राहिलं असणार. ते तुला सापडलं का? नाही म्हणालीस तर बावीस लिहून मोकळा होतो.

लोभ आहे तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा,
भटक्या

५ मार्च

चि. भटक्यास अनेक आशीर्वाद.

सापडलं. पाच दिवस रोज घोकून घेतलं. पुलापर्यंतच तासभर चालायचं. निम्म्या मुली घरीच बसतील. ते तुमच्या अहवालात कुठल्या रकान्यात बसतं?

‘नाही’ असं दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. तू बावीस लिहिलंस की सगळ्यांना वाचता येतं असं ठरेल, आणि ज्यांना येत नाही त्या तेरा जणांकडे पुन्हा कुणी बघणार नाही. मीसुद्धा. म्हणून तुझ्या साहेबांना सगळं कळवलंय. माझं काय व्हायचं ते होवो.

तू लावलेलं घड्याळ दहा मिनिटं मागे पडतं. जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांनी मला झाडलं. बहिणीची शाळा आहे हे सांगायचं मी विसरलोच होतो. परवा तुझ्याकडे दुसरा माणूस नवं कार्ड घेऊन आला, त्याचा आकडा आज बघितला. नऊ. हवे होते अकरा. तुला ताकीद मिळेल, आणि शाळेला जूनमध्ये शेवटची तपासणी.

म्हणजे दोघं कमी पडतात. ही नोकरी मी आज सोडली. एका जागी बसणं मला जमत नाही हे तू सगळ्यांना सांगत असतेस, आता समोर बसवून बघ. तेरा जणांना रोज दुपारी माझ्याकडे दे. घड्याळही नीट करतो.

रागावली असशील तर आल्यावर रागव.

तुझा,
भटक्या

ता. क. कार्ड आणत नाही.