वास घेतलेली प्लेट

२ मार्च, सोमवार

मॅडमनी ते वाक्य घातलंच!

सकाळी मसुदा परत आला. छापील कागदावर, लाल पेन्सिलीने. श्यामला मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख, स्क्रीनवर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटतच नाही. काम कसं केलं ते सांगायच्या भागात मी एक जागा रिकामी सोडली होती. मुद्दाम. तिथे आता त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलंय — सर्व कल्चर्स सुरुवातीपासून सेफ्टी कॅबिनेटमध्ये हाताळण्यात आली. इंग्रजीत किती रुबाबदार वाटतं! म्हणजे प्लेटमध्ये वाढवलेले जंतू आम्ही पहिल्यापासून हवा बाहेर न सोडणाऱ्या बंद कपाटातच उघडले.

सुरुवातीपासून? धादांत खोटं. गेल्या महिन्यात हिंदुराव नावाच्या पेशंटच्या रक्तात तो जंतू वाढला तेव्हा मशीनने त्याला भलतंच नाव दिलं, एका गरीब बिचाऱ्या जंतूचं. आम्ही मशीनवर विश्वास ठेवला. दोन दिवस प्लेट्स उघड्या टेबलावर. मी, मॅडम आणि आमची टेक्निशियन हेमा. मॅडमनी झाकण काढून वास घेतला. त्यांची जुनी सवय. “मशीनच्या आधी नाक होतं,” असं म्हणतात. मग प्लेट माझ्या नाकाखाली धरली. “बघ गं, कसला वास येतोय.”

मी घेतला. चांगला छाती भरून! माझ्यानंतर हेमानेही घेतला. कसलाच वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी कळलं, तो ब्रुसेला आहे. गुराढोरांकडून माणसाला होणारा. आणि लॅबमध्ये नाकावाटे शिरून लॅबच्याच माणसांना आजारी पाडण्यात पटाईत. खबरदारीच्या गोळ्यांचा विषय निघाला होता तेव्हा. “ताप आला तर बघू,” मॅडम म्हणाल्या, आणि दुसऱ्या मिनिटाला — “मशीन फसलं! पूर्णिमा, हा पेपर होणार.” मीसुद्धा हसले.

आणि माझ्या पोटात — नको. इथेसुद्धा नको लिहायला.

४ मार्च

ताप नाही. जेवणानंतर परत थर्मामीटर लावला. नाही.

५ मार्च, गुरुवार

आज हिंदुराव आले होते. पेपरसाठी त्यांची संमतीची सही हवी होती. कात्रज ओलांडून पुढे गाव आहे त्यांचं. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, आता शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो अंगावर.

“बरं वाटतंय का आता?”

“ताप ग्येला बाई. पर कंबर अजून धरतीया.”

जंतू कुठून आला ते लिहायचं होतं, म्हणून मी गोठ्याबद्दल विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. म्हणाले, “औंदा तीन म्हशी गाभडल्या न्हवं का. एकामागं एक. शेवटचं तर म्या सोताच्या हातानं वढून काढलं. चांगलं वाढल्यालं हुतं, बाई. केस फुटल्यालं.” आणि हात पुढे करून दाखवले मला. हे हात.

माझं पेन तिथेच थांबलं. ते विचारत होते, सही कुठे करू. मी चुकीच्या जागी बोट ठेवलं. मग दुसरा कागद आणला. हेमा बाजूलाच उभी होती, ती हातातला ट्रे तिथेच ठेवून बाहेर निघून गेली. ते गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

लिहून टाकते एकदाचं. मला दिवस गेलेत. तिसरा महिना लागलाय. प्लेटचा वास घेतला तेव्हा मला माहीत होतं. आठवडाच झाला होता कळून.

६ मार्च

दिवसभर वाचत होते. या जंतूने म्हशींचा गर्भ पडतो, ते सोड, बायकांचं काय होतं ते. काही ठिकाणी लिहिलंय धोका बराच, काही ठिकाणी माणसात तेवढा नाही, एका ठिकाणी लवकर औषध दिलं तर मूल वाचतं. लवकर म्हणजे किती लवकर? लॅबमध्ये वाचायचं आणि कुणी आलं की पटकन मसुदा उघडायचा. कॉलेजात चोरून सिनेमाच्या जाहिराती बघायचो तसं.

सांगून टाक ना मग! सोपं आहे की नाही? नाही. मागच्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं. पेढेसुद्धा वाटले. आणि नवव्या आठवड्यात सगळं संपलं. मग ज्याला ज्याला पेढा दिला त्याला त्याला सांगत फिरायचं. वॉचमनने विचारलं, भाजीवालीने विचारलं. या वेळी आईने बजावलंय, “तीन मैने होऊ दे वं बाई, तवरिक कोनाले सांगू नको.” फक्त अवधूतला माहीत आहे आणि तिला. नवरा आणि आई, बास. आणि प्लेटचं तर अवधूतलाही माहीत नाही.

८ मार्च, रविवार

संध्याकाळी अंग कोमट वाटलं. नव्याण्णव.

नव्याण्णव म्हणजे ताप नाही. मी पेशंटला सांगते तसं स्वतःला सांगितलं. गरोदरपणात थोडं वाढतंच तापमान. मार्च आहे, वारज्याच्या या घराला सगळी पश्चिमेची उन्हं. सगळं खरं आहे आणि मला कशावरही विश्वास नाही.

अवधूत क्रिकेट बघत होता. “काय गं, सारखी कपाळाला हात लावून बघतेस?” मी म्हटलं, डोकं दुखतंय. लगेच उठून चहा करून आणला त्याने, आलं घालून. इतका चांगला वागला की मला रडू आलं. त्याला वाटलं, हार्मोन्स.

अकोल्याहून आईचा फोन. “काऊन वं, आवाज असा काऊन येते तुहा?” मी म्हटलं, रेंज नाही.

१० मार्च, मंगळवार

आज धीर केला. म्हणजे अर्धाच.

मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “मॅडम, ते कॅबिनेटचं वाक्य बदलू या का? पहिले दोन दिवस आपण बाहेरच —”

चष्म्यावरून बघितलं. “मग काय लिहू या? आम्ही तिघी बायका जमून जंतूचा वास घेत होतो?”

“तसं नाही, पण —”

“पूर्णिमा, हा केस रिपोर्ट आहे. आत्मचरित्र नाही. तुला ताप आहे? नाही. मला आहे? नाही. मग कुणाची खबर छापायची?” आणि मग जरा नरमाईने, “तुझं नाव पहिलं आहे त्यावर. पुढच्या वर्षी बढतीला लागेल तुला. वीस तारखेपर्यंत पाठवून मोकळी हो.”

बाहेर आले तर हेमाने ऐकलं होतं सगळं. “जाऊ द्या ना मॅडम, कशाला उकरून काढताय?” थोड्या वेळाने परत आली. “तपासणीत काही निघालं तर गोळ्या घ्याव्या लागतात का? गरम पडतात ना त्या?” मी तोडून टाकलं — “काही निघणार नाही गं!” माझ्याच भीतीचा राग तिच्यावर काढला. बिचारी नोकरीला घाबरत असणार.

ते वाक्य नुसतं खोटं नाहीये, हे मला आज बसमध्ये लक्षात आलं. ते खरं मानलं तर आम्ही तिघींनी काही नाकात घेतलंच नाही. मग कुणाची तपासणी, कुणाची औषधं? एका ओळीत आम्ही सुरक्षित! आणि माझं एक मन म्हणतं, बरंच आहे की. राहू दे.

११ मार्च

बाहेर कुठेतरी गुपचूप रक्त देऊन यावं म्हणून रिक्षात बसले. कर्वे रोडच्या एका लॅबपर्यंत गेले. पायऱ्याही चढले. वरून एक बाई रिपोर्टचं पाकीट घेऊन उतरत होती, तिचा चेहरा बघितला आणि मागे फिरले. न कळलेलं बरं! मी. मायक्रोबायॉलॉजीची डॉक्टर. रोज दुसऱ्यांना रिपोर्ट देणारी.

“परत तिथेच?” रिक्षावाला म्हणाला. “मग उतरलात कशाला?”

१३ मार्च, शुक्रवार

मळमळ आज नाही. दिवसभर नाही. मागच्या वेळी अशीच थांबली होती आधी.

संध्याकाळी अवधूतला सगळं सांगितलं. प्लेट, वास, म्हशी, सगळं. आधी त्याला कळेचना. मग कळलं. मी त्याला एवढं चिडलेलं कधी बघितलं नाही. ओरडला नाही, तेच वाईट. “महिनाभर? महिनाभर तू थर्मामीटर घेऊन फिरतेयस आणि मी मॅच बघतोय?” मग — “कुणासाठी लपवलंस, पेपरसाठी?” मी म्हटलं, नाही, सांगितलं की जातं. सांगितलं की जातं, म्हणून. तो उठला. मग शेजारी येऊन बसला.

“उद्या तुझ्या मॅडमकडे जायचं. मी येतो. जिन्याखाली थांबतो हवं तर.”

१४ मार्च, शनिवार

नारायण पेठेत मॅडमचं घर, तिसरा मजला. अवधूत खरंच खाली थांबला, स्कूटरवर. मॅडम एकट्याच असतात. टेबलावर आमचाच मसुदा पसरलेला.

“शनिवारी? घरी? राजीनामा द्यायचा असेल तर सोमवारी ऑफिसात दे.”

मी उभ्याउभ्याच म्हणाले, “मॅडम, मला दिवस गेलेत. प्लेटच्या वेळीही होते.”

त्यांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. शेजारच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता. मग चष्मा काढला. त्यांना बिनचष्म्याचं मी कधी बघितलं नव्हतं, एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

“आणि मी ती तुझ्या नाकाखाली धरली.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं म्हणून धरायची असते का?” आवाज चढला, पण माझ्यावर नव्हता. “तू सांगितलं का नाहीस, मूर्ख मुली? मी काय खाल्लं असतं तुला?” मी आईचं सांगितलं, मागच्या वेळचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडेही हेच. मीही सांगितलं नव्हतं कुणाला, माझ्या वेळी. चौथ्या महिन्यापर्यंत फॉर्मॅलिनच्या बरण्या उचलत होते.”

लाल पेन्सिल घेतली आणि ते वाक्य खोडलं. माझ्यासमोर नवीन लिहिलं — पहिले दोन दिवस उघड्या टेबलावर, प्लेटचा वास घेतला गेला, तीन कर्मचारी संपर्कात. वाचून दाखवलं. “जाऊ दे, हसतील. हसू देत.” सोमवारी तिघींचं रक्त. माझ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतः फोन लावला, आणि फोनवर चुकलं माझं म्हणाल्या. श्यामला मॅडम!

खाली आले तर अवधूतला कुणीतरी गाडी काढायला लावली होती. कोपऱ्यावर उभा होता, उन्हात. मी नुसती मान हलवली.

१६ मार्च, सोमवार

रक्त दिलं. मॅडमनी बाही वर केली, मी केली. हेमा म्हणाली, “माझं नको मॅडम, मी धडधाकट आहे.” मॅडमनी एकच नजर टाकली. बसली मग.

१९ मार्च

पाडवा. गुढी अवधूतनेच उभारली, मला हात वर करू दिला नाही. कडुलिंब तोंडात घातला आणि ओकले. कसला आनंद झाला म्हणून सांगू! मळमळ परत आली!

रिपोर्ट शनिवारी.

२१ मार्च, शनिवार

निगेटिव्ह!!

मी निगेटिव्ह. मॅडमनी फोन केला, “तुझ्यात काही नाही,” आणि लगेच, “हुरळून जाऊ नकोस, सहा आठवड्यांनी परत.” सोनोग्राफीही आजच केली. ठोके ऐकले. केवढे भरभर! अवधूत तिथेच खुर्चीत बसून रडला, सोनोग्राफीवाल्या बाईंनी त्याला पाणी दिलं. आईला फोन केला तर म्हणते, “मी सांगतच होतो!” काय सांगत होती कुणास ठाऊक. हसत सुटले मी.

मॅडमचाही निगेटिव्ह. हेमाचा परत लावलाय, नीट आला नाही म्हणे. सोमवारी पेपर पाठवायचा. किती दिवसांनी जेवले पोटभर.

२३ मार्च, सोमवार

हेमाचा पॉझिटिव्ह. दोनदा.

मॅडमनी विचारलं, ताप येतो का. ती माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. “संध्याकाळी येतो. पंधरा दिवस झाले. पण गोळ्या नको मॅडम. मला तिसरा महिना चालू आहे. पुरा झाला की सांगणार होते सगळ्यांना.”