आईचं विरजण शेजारी आहे

अप्पा,

मी जेऊरला चालले, संध्याकाळी येते.

आई गेल्यापासून तिचंच विरजण आपण पुढं लावत आलो. काल रागाच्या भरात तुम्ही भातावर सगळं दही निपटून घेतलंत, आणि मग रिकामं भांडं धरून बसलात.

विरजण संपलेलं नाही. शेजारची नवी सून मागायला आली, तेव्हा तुम्ही "न्हाय मिळणार" म्हणून दार लावलंत. मी मागच्या दारानं दिलं. चिडा खुशाल, पुन्हा देईन. ती रोज त्याचंच दही लावते.

मी मागून आणणार नाही, तुम्हीच जा. तिचं नाव प्रियंका आहे, "ए पोरी" नाही. वाटी रिकामी नेऊ नका, शेंगाचटणी भरून ठेवलीय.

दूध तापवलंय. कोमट आहे तोवर जाऊन या.

सिद्धेश्वरी