तुम्ही न सांगितलेलं मुंडण

गुरुजी, तुम्ही गेल्याचं मला देवरीच्या बसमध्ये कळलं, तुमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून. त्या गोष्टीलाही आता कितीतरी वर्षं झाली. त्या दिवशी माझा उतरायचा थांबा चुकला होता. चौथीही पुरी न केलेल्या माणसाचं हे अक्षर, त्यात वय झालेलं. चुका असतील. पण नखं काढून बसलो आहे.

शनिवारची तपासणी अजून दिसते. स्वराज्याला चार-पाच वर्षं झालेली. आम्ही शाळेच्या ओसरीत रांगेनं उभे आहोत आणि तुम्ही नखं, दात, कानामागचा मळ बघत पुढं सरकता आहात. तुमच्याकडे सदरे दोनच, दोन्ही विहिरीवर स्वतः धुतलेले. ज्याची टापटीप आणि वागणूक चांगली, त्याचं नाव दाराजवळच्या फळीवर खडूनं आठवडाभर राही. माझं कधीच नसे. माझ्या डोक्यात उवा होत्या. तीन शनिवार तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "मायला सांग, कडुनिंबाच्या पाण्यानं डोकं धुऊन दे. रोज फणी फिरव." एवढंच. केस काढ असं तुम्ही कधी म्हटलं नाही. घाई मला झाली होती, त्या फळीची.

बाजाराच्या दिवशी सालेकशाला न्हाव्यासमोर जाऊन बसलो. "सप्पा काढ," म्हटलं, म्हणजे सगळेच केस. त्याचा वस्तरा थांबला. "बाप जिता हाये न तुया? मंग कायले भादरतेस बे? बाप मेल्यावर बसतेत असे."

"गुरुजीनं सांगितलं," मी म्हणालो. तुमच्या नावावर त्यानं वस्तरा चालवला. घरी मायनं कपाळ बडवून घेतलं, तिलाही तेच सांगितलं. बाबा हसले. "केसंच त हायेत, येतीन परत." शनिवारी मला बघून तुम्ही दचकलात, मग डोक्यावरून हात फिरवलात आणि फळीवर माझं नाव लिहिलंत.

ते नाव पुसायचा शनिवार यायच्या आत, शेताच्या बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणा चालू असताना बाबांना साप चावला. गावात आणेपर्यंत संपले. दहाव्याला नदीवर तोच न्हावी. काकांची डोकी झाली, मग तो माझ्याकडं आला, तर काढायला नुसते खुंट होते. त्यानं वस्तरा कोरडाच फिरवला आणि म्हणाला, "याचं त आधीच झालं." हे बोलणं माझ्याआधी घरी पोहोचलं.

दुसऱ्या दिवशी माय मला हाताला धरून शाळेच्या दारात, मागं अर्धं गाव. "मास्तर, माया धनी जिता असताना तूनं पोराले बोडलं! तूनंच खाल्लं त्याले!" तुमच्या बोटांना खडू लागलेला होता. तुम्ही मला हळूच विचारलंत, "मी सांगितलं होतं का रे?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मला वाटलं, आता छडी. तुम्ही मायला हात जोडलेत. "चुकलो, बाई. पोराला काही बोलू नका."

पोरं शाळेत येईनाशी झाली. दिवाळीआधी भंडाऱ्याहून बदलीचा कागद आला. कुणी बैलगाडी जुंपून दिली नाही, तुम्ही पेटी डोक्यावर घेऊन पायी स्टेशनच्या वाटेला लागलात. मी म्हशी राखत होतो. पळसाआड बसून राहिलो. मायनं मला परत शाळेत घातलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही.

आता नातवंडांची नखं मी रोज बघतो. सून वैतागते, "मामाजी, बोटं सोलून राहिले का पोराचे?" मला भीती वाटते, कसली ते सांगता येत नाही. नीट राहा, मोठ्यांचं ऐका, असं पोरांना सांगतो. खरं बोला म्हणायला तोंड होत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात ठेवावं तर नातवाला वाचता येतं. माय पुष्कळ जगली. शेवटी शेवटी तिला आम्ही कुणी ओळखू येत नव्हतो, तुम्ही तेवढे आठवत होतात. "त्या मास्तरानंच बोडलं होतं न रे तुले?" रोज विचारायची. खोलीत आम्ही दोघंच असायचो, ऐकणारं कुणी नसायचं. मी तिचे पाय चेपत म्हणायचो, "हो, माय."