पळत येणारं अक्षर

दादा, आज बेल्ह्याचा बाजार. सकाळी एक पावणे बैल विकून तसेच आपल्या पत्रिकांच्या दुकानात आले, मुलीचं लग्न ठरलंय म्हणून. मजकूर सगळा सांगून झाला आणि उठता उठता म्हणाले, "खाली ते लेकरांचं टाका बरं का, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' तिरप्या अक्षरात. त्याबिगर पत्रिका पत्रिका वाटत नाय." मी हो म्हटलं आणि तुमची इतकी आठवण आली की पुढच्या गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागली.

ती ओळ तुम्ही हाताने लिहायचात. बाकीचा मजकूर पुण्याहून टाइप होऊन यायचा, ताठ, मांडवातल्या वडीलधाऱ्यांसारखा. मग तुम्ही ट्रेसिंग पेपर पुढे ओढायचात, श्वास धरायचात आणि अक्षरं उजवीकडे कलवत, शिरोरेघ मध्येच तोडत एका दमात ओळ लिहून मोकळे व्हायचात. तिरकं का, असं मी विचारलं तर म्हणालात, "लेकरू पळत येऊन सांगतंय, असं दिसलं पायजे."

पुढे कॉम्प्युटर आला आणि सीडीवर तसलाच फॉन्ट मिळाला. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. "माझ्यावानीच लिव्हतंय की! पण समदे 'य' सारखेच. लेकरू एवढ्या शिस्तीत पळतं व्हय?" तरी खूश होतात. लेकीचं लग्न म्हणून माझी लग्नपत्रिका मोठ्या हौसेने त्यातच केलीत. मलाही तेव्हा नव्याचं कौतुक होतं.

एकदा मी दशक्रियेचं कार्ड त्या अक्षरात लावलं, छान दिसतं म्हणून. कधी नव्हे ते ओरडलात. "मयताच्या घरी पळत जात्यात का? उभं अक्षर घे." तुमचं कार्ड मी उभ्या अक्षरातच केलं, दादा. चुलतभाऊ म्हणत होता, जरा नक्षीदार टाक. मी ऐकलं नाही.

आता ते अक्षर कुठेही दिसतं. केकच्या खोक्यावर, ब्यूटी पार्लरच्या पाटीवर, भावी सरपंचांच्या फ्लेक्सवर. लेकरू पळत येतंय खरं, पण मतं मागायला! चीड येते, तरी मी थांबून बघते. कारण तुमच्या हातची एकही ओळ माझ्याजवळ नाही. छपाई झाली की ट्रेसिंग पेपर आपणच फेकायचो, आणि लग्न उरकल्यावर पत्रिका कोण जपतं? जुन्या गिऱ्हाइकांना विचारूनही पाहिलं. हसतात बिचारे.

हे पत्रही मी त्याच फॉन्टमध्ये टाइप करतेय. रागवाल, ठाऊक आहे. प्रिंट काही काढणार नाही, कागदावर जवळून ते परकं दिसतं. पडद्यावर लांबून मात्र तुमचंच वाटतं. म्हणून मघापासून खुर्ची पार भिंतीपर्यंत मागे सरकवून वाचत बसलेय.