यान वर गेलं, आता तू गावाकडं ये

हातकणंगले,
ता. २८ जुलै १९८०

जिगरी दोस्त जोतीराम यास रशीद पत्रेवाल्याचा सलाम, आणि तानामावशीचा (म्हंजे तुझ्या आयचा, समोरच बसलीया) आशीर्वाद. हिकडं मी, दुकान आणि तुमची म्हैस समदी धडधाकट हाय. तुझी तब्येत कशी हाय? केरळात तांबडा रस्सा मिळत न्हाय म्हणं, म्हणून इचारतो.

तुमचं यान वर गेल्याचं रेडिओवर ऐकलं आणि मी हातातला हातोडा टाकून रस्त्यावरच आलो. मर्दा, पहिली याद आली ती आपल्या रॉकेटची! अब्बांच्या दुकानातला पत्रा, वर टोपी म्हणून नसराळं, आत दिवाळीच्या फटाक्यांची दारू. ते वर जायचं सोडून आडवं तुमच्या गोठ्यात घुसलं. म्हशीनं दावं तोडलं आणि दोन दिवस दूध दिलं न्हाय. मावशीनं आपल्या दोघांना सारखंच बडवलं आणि मग एकाच ताटात जेवाय वाढलं. तसली चव परत कुठल्या जेवणाला आली न्हाय बघ.

तर आम्ही तुझी मिरवणूक काढायचं ठरवलं. कुस्ती मारली की पैलवानाची काढत्यात, मग यान सोडणाऱ्याची का न्हाय? पर तू जाग्यावर कुठं हाईस? गेल्या ऑगस्टात यान समुद्रात पडलं तवा "आता गावाला तोंड दाखवणार न्हाय" असं लिहिलंस आणि खरं केलंस. दिवाळीला न्हाय, जोतिबाच्या जत्रंलाबी न्हाय. (अरं, तुझ्या लेथवरचे चार नट त्यात. समदं यान तू एकट्यानं बुडवलंस व्हय?) म्हणून बैलगाडीत तुझा फोटो ठेवला. हंबीरराव पैलवानानं त्याला झेंडूचा हार घातला. म्होरं हलगी, वर गुलाल.

आता हार घातलेला फोटो, हलगी आणि गुलाल बघून माणसाला काय वाटंल? स्टेशनाजवळ लोकं हात जोडून उभी. बायकांचे पदर डोळ्याला. आणि मी आपला नाचतोय! एका म्हाताऱ्यानं दंड धरून दरडावलं, "जोडीदाराच्या मयताला नाचतोस व्हय रं?" तवा कुठं डोक्यात उजेड पडला. पर बातमी आमच्या म्होरं पळाली हुती. तिसऱ्या दिवशी तुझी धोंडुबाई आत्या शाहूवाडीहून एस.टी.नं आली, ती स्टँडपासनंच गळा काढत.

मावशी आधी पोट धरून हसली. मग तिनं हार काढला, फोटो पदरानं पुसला, आणि पुसतच बसली. तवा मात्र मला हसाय आलं न्हाय.

पेपरात वाचलं, आता ह्याहून मोठी यानं करणार, खेडोपाडी टेलिव्हिजन दाखवणार, एक दिवस आपला माणूसबी वर धाडणार. धाडा की. तू चंद्रावर जा, कोण नको म्हणतंय? पर आधी हातकणंगल्याला उतर. आमच्यात स्टेशन हाय.

तुझा,
रशीद

ता. क. हार हंबीररावानं घातला असं वर लिहिलंय, ते खोटं. मीच घातला. त्यो बिचारा नको नको म्हणत हुता.

ता. क. दुसरा. मावशीला पत्र वाचून दाखवलं. म्हणती, "त्याला लिही, यान पडलं तवाच यायचं हुतंस. म्हशीनं दूध दिलं न्हाय, त्या दिवशी तुला उपाशी ठेवलं हुतं व्हय?"